उजेड गळतो कोठे? जुन्या जीप-मोटारीचे दिवे घरच्या घरी तपासा



साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की आपल्याकडचे रस्ते रात्रीसुद्धा रिकामे राहत नाहीत. उसाने भरलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या, पहाटेच्या सौद्याला निघालेले भाजीचे टेम्पो, दुधाच्या किटल्या घेऊन जाणाऱ्या मोटारसायकली आणि रात्रीच्या पाळीचे पाणी धरायला निघालेली माणसे, असे सगळेच एका रस्त्यावर असतात. त्यातल्या निम्म्यांच्या मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. अशा वेळी आपल्या गाडीच्या पुढच्या दिव्यांवरच सगळी भिस्त असते.

आता एक साधा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी चालली असेल, तर ती एका सेकंदात १६ ते १७ मीटर पुढे जाते. समोर काही दिसले, ते डोक्यात शिरले आणि पाय ब्रेकवर पडला, यातच दीड सेकंद जातो. म्हणजे गाडी २५ मीटर गेलीसुद्धा. त्यापुढे चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबायला आणखी तेवढीच जागा लागते. एकूण झाले सुमारे ५० मीटर. तुमच्या दिव्याचा उजेड ३० मीटरच्या पलीकडे जात नसेल, तर उभी ट्रॉली दिसेल तेव्हा फार उशीर झालेला असेल. ब्रेक कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

खेड्यापाड्यांत अजूनही पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या जीपा, मारुती ८०० सारख्या लहान मोटारी, जुने पिकअप सर्रास चालतात. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले, पण ती अजून अंगणात उभी आहे आणि वेळप्रसंगी आजाऱ्याला तालुक्याला नेण्याचे कामही तीच करते. या गाड्यांविषयी एक तक्रार गावोगावी ऐकू येते, "साहेब, इंजिन चांगलं हाय, पण रात्रीचा चिमणीएवढा उजेड पडतोय." आणि त्यावर उपाय काय केला जातो? दुकानातून जास्त वॅटचा बल्ब आणून बसवला जातो. येथेच चूक होते.

पाटाच्या टेलची गोष्ट

कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत आहे, त्याला हे लगेच समजेल. वर धरण भरलेले असते, पाटातही पाणी सोडलेले असते, पण वाटेत ठिकठिकाणी पाट फुटलेला, गाळाने भरलेला, गवताने दाटलेला असतो. टेलला पाणी पोचतच नाही. अशा वेळी टेलच्या शेतकऱ्याने आपल्या वावरातला दांड रुंद केला, तर पाणी वाढेल काय? नाही. आधी वाट साफ करावी लागेल.

गाडीच्या दिव्याचेही अगदी तसेच आहे. बॅटरी म्हणजे धरण. वायर, फ्यूज, स्विच, डिपर हा पाट. बल्ब टेलला. शिवाय येथे आणखी एक गोष्ट आहे. वीज बल्बातून परत बॅटरीकडे जावी लागते आणि ती परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंडी अंग, ज्याला आपण 'अर्थ' म्हणतो. जाण्याची वाट किंवा परतीची वाट, कोठेही गंज, ढिलेपणा वा मळ असला, की तेथे दाब कमी होतो. आणि हॅलोजन बल्ब असा नाजूक असतो, की दाब म्हणजे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. बारा व्होल्टच्या गाडीत वाटेत एक-सव्वा व्होल्ट गळाले, की उजेड लगेच पिवळा, मरतुकडा दिसू लागतो.

तेव्हा सांगायची गोष्ट एवढीच, की बल्ब बदलण्याआधी वाट तपासावी. हे काम घरच्या घरी, एका संध्याकाळी होण्यासारखे आहे.

साहित्य काय लागेल

फार काही लागत नाही. दोन स्क्रू ड्रायव्हर, १० व १२ नंबरचा पाना, पकड, पॉलिशपेपरचा तुकडा, जुना दात घासायचा ब्रश, खाण्याचा सोडा, थोडे व्हॅसलीन आणि इन्सुलेशन टेप. साधा मल्टिमीटर मिळाला तर उत्तम. हल्ली पंपाच्या कामासाठी तो बऱ्याच घरांत असतो.

घरात लाइट तपासायचा जो निऑनचा टेस्टर असतो, तो मात्र येथे चालत नाही. बारा व्होल्टवर तो लागतच नाही आणि माणूस उगीच "करंटच नाही" असे धरून बसतो. त्याऐवजी इंडिकेटरचा बारा व्होल्ट, २१ वॅटचा जुना बल्ब घ्यावा, होल्डरला दोन लांब वायरी जोडाव्यात आणि टोकांना चिमटे लावावेत. झाला आपला टेस्ट लॅम्प.

काम सुरू करण्यापूर्वी हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळपास विडी-काडी नको. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड लावलेला असावा.

आधी लक्षण, मग इलाज

पिकावर रोग दिसला की आपण आधी पान उलटून पाहतो, लगेच फवारणी करत नाही. येथेही तसेच करावे. संध्याकाळी अंधार पडताना गाडी भिंतीसमोर उभी करावी, घरातल्या एकाला स्टिअरिंगवर बसवावे, आपण पुढे उभे राहावे आणि डिपर, अप्पर, इंडिकेटर असे एकेक लावायला सांगावे. काय दिसते ते नीट पाहावे.

दोन्ही बाजूंचे अप्पर-डिपर सगळेच बंद, पण हॉर्न चालू असेल, तर बल्बावर संशय घेऊ नये. दोन्ही बल्ब एकाच वेळी उडणे क्वचितच घडते. फ्यूज, मुख्य स्विच किंवा रिले पाहावा.

अप्पर लागतो, पण दोन्ही डिपर लागत नाहीत, तर डिपरचा फ्यूज किंवा डिपर स्विच पाहावा. मात्र आपण बहुतेक वेळ डिपरवरच गाडी चालवतो. त्यामुळे एक तार कधीच गेलेली असते, आपल्या लक्षात येत नाही आणि मग दुसरीही जाते, असेही घडते. म्हणून येथे बल्बही काढून पाहावेत.

एकाच बाजूचा दिवा बंद असेल, तर त्या बाजूचा बल्ब, होल्डर, फ्यूज आणि अर्थ, एवढ्यातच बिघाड आहे.

एकाच बाजूचा दिवा मंद, तांबूस लागतो, त्यात वरची-खालची दोन्ही तार निखाऱ्यासारखी दिसते आणि डिपरवर असतानाही डॅशबोर्डवरचा निळा दिवा मिणमिणतो, तर त्या बाजूचा अर्थ गेला असे समजावे. परतीची वाट बंद झाल्यामुळे वीज आडवाटेने, दुसऱ्या तारेतून पलीकडच्या दिव्याकडे जाते, त्याचा हा परिणाम.

दोन्ही दिवे मंद, पण इंजिन रेस केल्यावर एकदम उजळतात, तर बॅटरी किंवा चार्जिंगकडे बघावे. थोडासा फरक पडणे ठीक आहे, पण चिमणीचा कंदील होत असेल तर ते बरोबर नाही. रेस करूनही मंदच राहत असतील, तर वायर, स्विच, अर्थ किंवा आतला आरसा यांत दोष आहे.

खड्ड्यात चाक गेले की दिवे लुकलुकतात, तर कोठेतरी जोड ढिला आहे. दहा-पंधरा मिनिटांनी दिवे आपोआप जातात आणि गार झाल्यावर पुन्हा लागतात, तर स्विच किंवा होल्डर तापतो आहे. असे दिसले की ती गाडी रात्री बाहेर काढू नये, कारण तापलेल्या वायरने आग लागू शकते.

धरणात पाणी आहे काय?

पहिले काम बॅटरीचे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावावा. १२.६ च्या आसपास आकडा आला, तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. १२ च्या खाली म्हणजे रिकामी झाल्यातच जमा. आता इंजिन चालू करून पुन्हा पाहावे. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा हवा. तो वाढतच नसेल, तर अल्टरनेटर चार्जिंग करत नाही. अशा वेळी आधी पट्टा पाहावा. इंजिन बंद करून पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने दाबले असता तो एक ते दीड सेंटिमीटर दबावा. फार ढिला असेल तर तो घसरतो. पट्टा नीट असूनही आकडा वाढत नसेल, तर ते काम अल्टरनेटरवाल्याचे.

उलट आकडा १५ च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बिघडला आहे. बल्ब सारखे उडणे आणि बॅटरीतले पाणी भराभर आटणे, ही दोन्ही त्याचीच लक्षणे. अशा गाडीला कितीही बल्ब घातले तरी ते टिकणार नाहीत.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर धरला असेल, तर आधी निगेटिव्ह आणि नंतर पॉझिटिव्ह वायर काढावी. कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा कालवून ब्रशने घासावे. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे करून, पॉलिशपेपरने चकचकीत करून घट्ट आवळावे. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर गाडीच्या अंगाला जेथे आवळलेली असते, ते टोकही विसरू नये.

फ्यूजच्या जागी चांदी नको

फ्यूज पाहताना तो नुसता वरून पाहू नये, काढून उजेडासमोर धरावा. पात्याच्या फ्यूजमध्ये रंगावरून ताकद कळते. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३०. काही जुन्या गाड्यांत चिनी मातीचे लांबट फ्यूज असतात. त्यांची टोके व चिमटे गंजतात आणि फ्यूज धड असूनही प्रवाह जात नाही. ती टोके घासून चिमटे थोडे दाबून घ्यावेत.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर तो आपल्याला काहीतरी सांगत असतो. कोठेतरी वायर सोलून अंगाला लागली आहे. काही मंडळी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून किंवा तांब्याची तार घालून वेळ मारून नेतात. हा प्रकार करू नये. फ्यूज वाचला, तर पुढे वायर जळते. गोठ्याजवळ, धान्याच्या कोठीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी वायरी कुरतडण्याचे प्रकार फार होतात. बॉनेटच्या आतला वायरचा जुडगा, विशेषतः दिव्यांच्या पाठीमागचा भाग हात फिरवून पाहावा.

बल्ब आणि होल्डर

दिव्याच्या मागची तीन पायांची टोपी ओढून काढावी, रबर सोडवावे, तारेची पकड बाजूला करून बल्ब बाहेर घ्यावा. गरम बल्बाला हात लावू नये. हॅलोजन बल्बच्या काचेलाही बोटे लावू नयेत. बोटांचा तेलकटपणा काचेवर राहतो, तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच, तर स्वच्छ कापडाला स्पिरिट लावून पुसावे. आतली तार तुटलेली किंवा काच काळी-चंदेरी झालेली असेल, तर बल्ब गेला. काही फार जुन्या गाड्यांत काच, आरसा आणि तार एकच असलेला सीलबंद दिवा असतो. तो उडाला की अख्खाच बदलावा लागतो.

आता होल्डर पाहावा. प्लॅस्टिक तपकिरी पडले असेल, वितळले असेल किंवा आतले पितळी पाते काळे झाले असेल, तर होल्डरच बदलावा. त्याची किंमत फार नसते.

दिवा अजिबात लागत नसेल, तर दोन्ही बाजूंचे बल्ब काढून टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावावे. स्विच चालू ठेवून दुसरे टोक होल्डरच्या तिन्ही घरांत आळीपाळीने लावावे. डिपरवर एका घरात लॅम्प लागावा, अप्परवर दुसऱ्या घरात लागावा. तिसरे घर अर्थचे. कोठेच लागला नाही, तर बिघाड स्विच-फ्यूजकडे आहे, बल्बात नाही. अर्थ पाहायचा तर टेस्ट लॅम्पचे टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून दुसरे तिसऱ्या घरात लावावे. लॅम्प पूर्ण तेजाने लागला पाहिजे.

एक सूचना येथे महत्त्वाची. जपानी पद्धतीचे वायरिंग असलेल्या काही गाड्यांत उलटा प्रकार असतो. बल्बाला पॉझिटिव्ह सरळ येते आणि स्विच अर्थच्या बाजूने असतो. अशा गाडीत एकाच घरात कायम लॅम्प लागतो आणि बाकीची दोन पॉझिटिव्हच्या बाजूने तपासावी लागतात. हे पाहून गोंधळू नये.

अर्थ: सर्वांत जास्त दुर्लक्षित जागा

गेल्या पावसाळ्यानंतर एका गावी दूध घालणाऱ्या शेतकऱ्याची जीप पाहण्यात आली. डाव्या दिव्याला वर्षभरात तीन बल्ब घालून झाले होते. शेवटी शंभर वॅटचा घातला, तर होल्डरच वितळला. उजेड मात्र होता तेवढाच. विचारपूस केल्यावर कळले, की दोन वर्षांपूर्वी गाडीला रंग दिला होता. त्या वेळी दिव्याची अर्थची वायर सोडून, रंग वाळल्यावर त्या रंगावरच पुन्हा आवळलेली होती. आता रंगातून वीज कशी जाणार? कडेच्या स्क्रूच्या आट्यांतून जेमतेम काय ती जात होती आणि पावसाने त्याही गंजल्या होत्या.

दिवा चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड वायर सरळ होल्डरच्या अर्थला टेकवली, तोच दिवा पांढरा लख्ख झाला. ओट्यावर बसलेली त्या शेतकऱ्याची आई म्हणाली, "आत्ता रं बाबा रस्ता दिसायला लागला!" खर्च आला तो पॉलिशपेपरचा तुकडा आणि एक नवा स्क्रू एवढाच.

ही चाचणी तुम्हीही करू शकता. वायर टेकवल्यावर उजेड वाढला, तर अर्थ खराब आहे, हे नक्की. मात्र वायरचे टोक चुकूनही पॉझिटिव्हला लागू देऊ नये. अर्थची जागा सापडली, की स्क्रू काढावा, खालचा रंग व गंज चकाकी येईपर्यंत घासावा, वायरचे टोक साफ करावे, दात्यांचा वायसर घालून घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावे.

मल्टिमीटर असेल, तर गळती आकड्यातच कळते. दिवे चालू ठेवावेत. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरे बल्ब बसवलेल्या होल्डरच्या मागून त्याच्या पॉझिटिव्ह वायरला लावावे. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी हवा. मग बॅटरीचा निगेटिव्ह आणि होल्डरची अर्थ यांमध्ये पाहावे. तेथे पाव व्होल्टच्या आत हवा. जेथे आकडा जास्त, त्या वाटेत गळती.

स्विच, डिपर आणि रिले

५५ वॅटचे दोन बल्ब मिळून ९ अँपिअरच्या वर आणि ६० वॅटचे दोन मिळून १० अँपिअर प्रवाह घेतात. जुन्या गाड्यांत हा सगळा भार डॅशबोर्डच्या स्विचमधून, लांबच लांब बारीक वायरीतून येतो. काही जुन्या जीपा व ॲम्बॅसेडर गाड्यांत डिपर पायाखाली असतो. त्यात चिखल-पाणी जाऊन तो गंजतो. दहा-वीस वेळा दाबल्यावर दिवा लागू लागला, तर तो बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

स्विच हाताला गरम लागत असेल, तर रिले बसवून घेणे हा चांगला उपाय आहे. आपल्या मोटरच्या स्टार्टरमध्ये जसे बटण लहान प्रवाहावर चालते आणि मोठा प्रवाह कॉन्टॅक्टरमधून जातो, तेच तत्त्व येथे आहे. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर १५ अँपिअरच्या फ्यूजमधून द्यावी. फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा. ८७ नंबरवरून दिव्याला, ८६ ला जुनी दिव्याची वायर आणि ८५ ला अर्थ. अप्परला एक, डिपरला एक, असे दोन रिले लागतात. वायरिंगचा हात नसेल किंवा गाडीचे वायरिंग वर सांगितल्याप्रमाणे उलट्या पद्धतीचे असेल, तर हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. पण काय करून घ्यायचे ते आपल्याला माहीत असावे.

काच, आरसा आणि झोत

वीज पूर्ण पोचूनही उजेड कमी असेल, तर काच पाहावी. प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडते. ती पाणी लावून बारीक पॉलिशपेपरने आणि नंतर पॉलिशने घासली, तर बरीच सुधारते. आतला चंदेरी आरसा मात्र फडक्याने घासू नये, त्याचा मुलामा निघून येतो. तो काळवंडला वा सोलला असेल, तर दिवा बदलणे हाच मार्ग. आत पाणी साचत असेल, तर मागचे रबर फाटलेले आहे काय ते बघावे.

शेवटी झोत लावावा. गाडीत नेहमीचा भार ठेवावा, कारण मागे पोती असली की तोंड वर होते आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चाकांत हवा बरोबर असावी. सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करावी. बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारावी आणि तिच्याखाली ५ सेंटिमीटरवर दुसरी. डिपरच्या उजेडाची वरची कड या दुसऱ्या रेघेच्या आसपास यावी, फार तर आणखी दोन-अडीच सेंटिमीटर खाली. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डाव्या हाताला ही कड थोडी वर चढलेली असते. ते बरोबरच आहे.

मोठा बल्ब आणि एलईडीचा मोह

शंभर वॅटचे दोन बल्ब १६ ते १७ अँपिअर ओढतात. जुनी वायर आणि स्विच तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. जी वाट आधीच गळकी, तिच्यात भार वाढवला तर गळती वाढते आणि वायर तापते. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब घातला, तर जवळ पांढरे लख्ख दिसते खरे, पण आरसा त्या बल्बासाठी घडवलेला नसल्यामुळे झोत विस्कटतो. लांबचे कमी दिसते आणि समोरून येणारा आंधळा होतो. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जाणार नाही असाच दिवा असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून दिवे लावणेही त्याच नियमांत आहे. समोरून येणारा म्हणजे कोण? बहुधा आपल्याच गावचा, आपल्याच शिवारातला कोणीतरी.

वाटेत दिवे गेलेच तर

घाबरून जाऊ नये. इंडिकेटर लावून गाडी हळूच रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्यावी. डिपर गेला असेल, तर अप्पर लावून पाहावा आणि उलटही. मात्र अप्परवर जावे लागले, तर समोरून गाडी येताच वेग अगदी कमी करावा. फ्यूज उडाला असेल, तर रेडिओसारख्या नसले तरी चालेल अशा कामाचा, तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज काढून घालावा. एकही दिवा लागत नसेल, तर अंधारात गाडी चालवू नये. गाडीत एक हातबॅटरी, दोन फ्यूज आणि एक जादा बल्ब कायम असावा.

गावाने करायचे काम

सरपंच, पोलीस पाटील आणि विकास सोसायटीचे संचालक यांना एक विनंती आहे. सोसायटीच्या गोदामाची किंवा ग्रामपंचायतीची एखादी भिंत आणि तिच्यासमोर पाच मीटर सपाट जागा निश्चित करावी. खाली गाडी उभी करण्याची चुन्याची रेघ मारून ठेवावी. एक मल्टिमीटर आणि एक टेस्ट लॅम्प कार्यालयात ठेवावा. हंगामाच्या तोंडावर एक संध्याकाळ ठरवून, तालुक्याचा एखादा ऑटो इलेक्ट्रिशियन बोलावून, गावातल्या सगळ्या गाड्यांचे, ट्रॅक्टरचे दिवे तपासून घ्यावेत. ट्रॅक्टरची बॅटरीही बारा व्होल्टचीच असते, तपासण्याची रीतही हीच. त्याच वेळी ट्रॉल्यांच्या व बैलगाड्यांच्या मागे लाल चमकणाऱ्या पट्ट्याही लावून टाकाव्यात. खर्च थोडा आणि उपयोग सगळ्या गावाला.

शेतकरी मित्रांनो, औषध फवारण्याआधी आपण नोझल तपासतो, मोटर सुरू करण्याआधी फूटव्हॉल्व्ह पाहतो. तोच शहाणपणा गाडीच्या बाबतीतही दाखवावा. आज-उद्या संध्याकाळी धारा काढून झाल्या, की गाडी भिंतीसमोर लावा, घरातल्या पोराला किंवा पोरीला स्टिअरिंगवर बसवा आणि सुरुवात अर्थच्या स्क्रूपासून करा.